वाचकांचे प्रश्न : उंची इअरफोन पारखताना

मागील अंकात कानात बसवायच्या महागड्या इअरफोनविषयी एक छोटे टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण इतर अनेकांच्या शंका त्या एकाच पत्रात गोळा झालेल्या होत्या.

प्रश्न : मी दादरला राहतो. तरुणपणी सात-आठ वर्षे गाणे शिकलो, आता केवळ ऐकतो. निवृत्तीच्या रकमेतून स्वतःसाठी एखादी चांगली वस्तू घ्यावी म्हणून ४२,००० रुपयांच्या एका तारेच्या इअरफोनवर नजर ठेवली आहे. दुकानात दहा मिनिटे ऐकला तेव्हा गाणे डोळ्यांसमोर उलगडल्यासारखे वाटले. योगायोगाने भाच्याकडे तोच इअरफोन निघाला आणि त्याने तो आठ दिवसांसाठी मला दिला. घरी मात्र त्यावर तंबोरा पत्र्यासारखा वाजतो आणि डग्गा शेजारच्या खोलीत ठेवल्यासारखा वाटतो. विक्रेत्याने सांगितले होते की याच्या एकेका बाजूत आठ ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे सूक्ष्म भाग) आहेत, त्यामुळे साध्या इअरफोनशी तुलनाच करू नका. खरे सांगायचे तर माझ्या जुन्या २,५०० रुपयांच्या इअरफोनवर मला डग्गा अधिक आवडतो. दोष माझ्या कानाचा की वस्तूचा? या आठ दिवसांत नेमके काय तपासावे?

उत्तर : तंबोरा पत्र्यासारखा आणि डग्गा शेजारच्या खोलीत, या दोन तक्रारी आपण एकत्र लिहिल्यात हे फार बरे झाले, कारण दोन्हींचे मूळ बहुधा एकच आहे आणि ते आपल्या कानातही नाही व ड्रायव्हरच्या संख्येतही नाही. ते टोकाला लावलेल्या त्या इवल्याशा रबरी टिपेत आहे. इअरफोन आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये जी थोडीशी हवा कोंडलेली असते, तिच्यावर दाब देऊन खर्जाचे स्वर पडद्यापर्यंत पोहोचतात. टिप सैल असेल तर हा दाब फटीतून निसटतो आणि खालचे स्वर आधी जातात. वरच्या स्वरांना अशा गळतीचे फारसे वाटत नाही, ते जसेच्या तसे राहतात, आणि मग एरवी समतोल असलेला इअरफोनही कर्कश भासू लागतो. आपल्या हाती जो इअरफोन आला आहे त्याला आपल्या भाच्याच्या कानाच्या मापाची टिप लावलेली असणार. दुकानात आपल्याला बहुधा मोठी टिप मिळाली होती.

तेव्हा पहिला दिवस गाणे ऐकण्यात घालवूच नका, बसवण्यात घालवा. स्वच्छतेसाठी नव्या टिपा घ्या. लहान, मध्यम, मोठ्या अशा तिन्ही मापांच्या घ्या. एका हाताने कानाची पाळ किंचित वर आणि मागे ओढून दुसऱ्या हाताने इअरफोन हलकासा फिरवत आत बसवा. तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावा आणि बोटाने इअरफोन अगदी अलगद आत दाबा. दाबताच खर्ज वाढला आणि बोट काढताच पुन्हा पातळ झाला, तर टिप लहान आहे असे समजावे. जांभई देऊन पाहा, दोन घास चावून पाहा. जबडा हलल्यावर आवाज बदलत असेल तरीही माप चुकलेले आहे. दोन्ही कानांचे माप सारखेच असते असे नाही, त्यामुळे डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी टिप लावावी लागली तर त्यात काही गैर नाही. फोमची टिप वापरणार असाल तर ती बोटांत वळून बारीक करावी, कानात घालावी आणि ती फुलेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावी. फोममुळे वरचे स्वर थोडे मवाळ होतात, हे मात्र लक्षात असू द्यावे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात असताना एका नामांकित इअरफोनला मी 'कोरडा' ठरवले आणि तसा लेखी अभिप्रायही दिला. महिन्याभराने एका सहकाऱ्याने कोणती टिप लावली होती असे विचारले, तेव्हा लक्षात आले की डब्यातून जी लावून आली होती तीच मी बदललेली नव्हती. मोठी टिप लावताच उजव्या कानात खर्ज परत आला. डावा आधीपासून ठीकच होता. म्हणजे महिनाभर मी एका कानाचा अभिप्राय दोन कानांच्या नावावर खपवत होते.

टिपेची बैठक जमल्यावर दुसरा अडथळा येतो तो आवाजाच्या पातळीचा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज कमी असताना आपल्या कानाला खालचे स्वर मध्यम स्वरांच्या मानाने फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून दोन इअरफोनपैकी जो जरासा मोठ्याने वाजतो तो अधिक भरदार आणि अधिक स्वच्छ वाटतो, आणि हा जरासा म्हणजे अवघ्या एका डेसिबलइतकाही पुरतो. फोनवरचा आकडा दोन्ही वेळी सारखा ठेवला म्हणजे पातळी सारखी झाली असेही नाही, कारण प्रत्येक इअरफोनची संवेदनशीलता वेगळी असते. मोजण्याचे यंत्र आपल्याकडे नसणार. त्यावर माझा साधा उपाय असा आहे की जो इअरफोन आपल्याला अधिक आवडतो आहे तो मुद्दाम एक पायरी हळू ठेवून ऐकावा. हळू असूनही तोच आवडला तर ती आवड खरी आहे. दुकानातल्या त्या दहा मिनिटांत गाणे समोर उलगडले त्यात इअरफोनचा वाटा किती आणि विक्रेत्याने वाढवलेल्या आवाजाचा किती, हे आता सांगता येणार नाही.

आता काय ऐकावे. आपण गाणे शिकलेले आहात, त्यामुळे इतर कुणाला सांगितली नसती अशी कसोटी आपल्याला सांगते. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, असेल तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. मोबाइलच्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळजवळ येतच नाही, तरीही खर्ज आपल्याला ओळखू येतो, कारण वरच्या पटींमधील, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट हर्ट्झच्या, स्वरांवरून मेंदू मूळ स्वर आपला आपण जुळवून घेतो. म्हणून 'खर्ज ऐकू आला' एवढ्याने समाधान मानू नये. तो जमिनीसारखा खाली पसरलेला आहे का ते पाहावे. त्या तारेच्या पाचव्या पटीवर, म्हणजे सुमारे ३४६ हर्ट्झवर, तारेतून आपोआप उमटणारा आपला ओळखीचा स्वयंभू गंधार असतो, आणि त्याच्याही वर जवारीची, म्हणजे तारेच्या झणकाराची, ती रुणझुण. इअरफोन नीट बसला असेल आणि नीट बनवलेला असेल तर खर्ज, गंधार आणि जवारी हे तिन्ही एकमेकांत न मिसळता, पण एकाच तारेतून निघाल्यासारखे ऐकू येतात. खर्ज गळाला की जवारी एकटी उरते, आणि एकट्या जवारीला पत्रा म्हणणे अगदी रास्त आहे.

दुसरी कसोटी बोलण्याची. एखाद्या चांगल्या मराठी निवेदकाचे किंवा कीर्तनकाराचे ध्वनिमुद्रण घ्या आणि 'चाक'मधील च व 'चहा'मधील च यांच्याकडे कान द्या. पहिला दातांजवळ उच्चारला जातो आणि त्यातील घर्षणाचा आवाज बराच वरच्या पट्टीत असतो. दुसरा टाळूजवळचा, त्याचा आवाज त्यामानाने खाली. इअरफोनने वरच्या पट्टीत एखादा उंचवटा आणलेला असेल तर 'चाक'चा च थुंकल्यासारखा उडतो आणि प्रत्येक 'स' टोचतो. तसे झाले तर लगेच नापास करू नये, आधी इअरफोन एखादा मिलिमीटर आत किंवा बाहेर करून पाहावा, कारण कोंडलेल्या हवेच्या लांबीनुसार हा उंचवटा सरकतो. कानाची नळी सरासरी अडीच सेंटिमीटर लांब असते. एवढ्याशा जागेत मिलिमीटरही थोडा नव्हे. परदेशी समीक्षक यासाठी त्यांच्या भाषेतील गायिकांची गाणी सुचवतात. आपल्याला त्याची गरज नाही.

तिसरी कसोटी डग्ग्याची. डग्ग्यावरचा 'घे' हा बोल घासून वर नेलेला ऐकताना स्वर कुठून कुठे गेला हे कळले पाहिजे आणि तो संपला की संपला पाहिजे. आपल्या २,५०० रुपयांच्या इअरफोनवर डग्गा आवडतो असे आपण लिहिले आहे. स्वस्त इअरफोनमध्ये खर्ज मुद्दाम फुगवण्याची रीत आहे आणि फुगवलेला खर्ज सुरुवातीला सर्वांनाच आवडतो. बोल मोठा आहे की स्पष्ट आहे, हे वेगळे करून ऐका. मंद्रातील आलाप चालू असताना ठेका सुरू झाला आणि गायकाचे स्वर त्याखाली दबले, तर खर्ज फुगवलेला आहे.

आठ ड्रायव्हरविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण विक्रेत्यांचे हे आवडते अस्त्र आहे. कानात बसणाऱ्या इअरफोनमध्ये मुख्यतः दोन प्रकारचे ड्रायव्हर आढळतात. एकात पातळ पडदा आणि त्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे असते, त्याला डायनॅमिक म्हणतात. दुसरा बॅलन्स्ड आर्मेचर. तो आकाराने फार लहान असतो आणि श्रवणयंत्रांत वर्षानुवर्षे वापरला जात आहे. एकेका आर्मेचरवर स्वरपट्टीचा ठरावीक भाग सोपवायचा आणि सर्वांना जुळवून घ्यायचे, अशी आठ ड्रायव्हरच्या इअरफोनची रचना असते. जुळणी उत्तम असेल तर फळ उत्तम मिळते. पण आठ जण तंबोरे घेऊन बसले आणि त्यातल्या एकाचाही मेळ चुकला तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. याउलट एटिमोटिक या अमेरिकी कंपनीने १९९१ साली आणलेल्या ईआर-४ या इअरफोनमध्ये एका बाजूला एकच आर्मेचर होता, आणि तरीही अचूकपणासाठी त्याचे नाव आजतागायत घेतले जाते. संख्या ही कारखान्याच्या खर्चाची माहिती आहे, आवाजाची नव्हे.

किमतीचेही तसेच. २०१७ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २८३ हेडफोनच्या मोजणीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हेडफोनची किंमत आणि त्याचा स्वरपट्टीवरील प्रतिसाद यांच्यात कोणताही संबंध आढळला नाही. याचा अर्थ महाग वस्तू वाईट असते असा नाही. जास्त पैशांत कानाला न टोचणारा घाट मिळतो, बदलता येणारी तार मिळते, डाव्या-उजव्या बाजूंची काटेकोर जुळणी मिळण्याची शक्यता वाढते आणि दुरुस्तीची सोय बरी असते. यांपैकी आपल्याला कशाची गरज आहे ते आपणच ठरवावे.

इअरफोन कोणता स्वर किती मोठ्याने वाजवतो याचा आलेख भाचा आपल्याला दाखवील. दाखवू द्या, पण आलेखावरची रेघ सरळ नाही म्हणून घाबरू नका. उघड्या कानाची नळी सुमारे ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप वाढवत असते. इअरफोनने नळी बंद केली की ही वाढ मोडते, म्हणून ती इअरफोनलाच परत घालावी लागते. प्रत्येकाच्या कानात ही वाढ थोडी निराळी असते आणि मोजणीच्या यंत्राचा कृत्रिम कान कुणाचाच नसतो.

राहिला फोन. आपल्या फोनला गोल पिनेचे छिद्र नसेल तर लहानसे अडॅप्टर लागेल, आणि आपण दुकानात ऐकलेत ते बहुधा टेबलावरच्या मोठ्या अँप्लिफायरवर. अनेक आर्मेचर असलेल्या इअरफोनचा विद्युत अवरोध प्रत्येक स्वराला वेगवेगळा असतो आणि काही स्वरांना तो फारच खाली जातो. वाजवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे फोनचा किंवा अडॅप्टरचा, स्वतःचा अवरोध त्यामानाने मोठा असेल तर स्वरांचा समतोलच बदलतो, म्हणजे तोच इअरफोन दोन यंत्रांवर दोन स्वभावांचा होतो. यंत्राचा अवरोध इअरफोनच्या एक-अष्टमांशाहून जास्त नसावा असा ठोकताळा आहे. एक ओहम (अवरोधाचे एकक) किंवा त्याहून कमी अवरोध असलेले अडॅप्टर घेतले की हा प्रश्न मिटतो, आणि त्यासाठी हजारो रुपये लागत नाहीत. गाणे थांबवल्यावर मागे सूं असा आवाज येतो का, तेही एकदा पाहून घ्यावे.

सहा दिवस हे सर्व करून झाल्यावर सातव्या दिवशी भाच्याचा इअरफोन कपाटात ठेवा आणि दिवसभर आपला जुना वापरा. संध्याकाळपर्यंत ज्याची उणीव भासेल ते आठव्या दिवशी पुन्हा ऐका. कशाचीच उणीव भासली नाही तर ४२,००० रुपये खर्चू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उणीव भासली ती एखाद्याच गोष्टीची, उदाहरणार्थ जवारीची, तर तेवढी गोष्ट ८,००० ते १०,००० रुपयांच्या इअरफोनमध्ये मिळते का हे आधी पाहावे. माझ्या अनुभवात ती पुष्कळदा मिळते.

प्रश्न : आमच्या गिरगावच्या घरी सासऱ्यांनी जमवलेल्या जुन्या तबकड्या होत्या. नातवाने त्यातली नाट्यपदे संगणकावर उतरवून दिली आणि वाढदिवसाला मला महागाचा इअरफोनही आणला. पण या इअरफोनमध्ये खरखर फार ऐकू येते आणि गाणे डोक्याच्या मधोमध अडकून बसते, दोन्ही बाजूंना पसरत नाही. नव्या चित्रपटगीतांत तसे होत नाही. मुलगा म्हणतो की वस्तू सदोष आहे, परत करू. नातू हिरमुसला आहे.

उत्तर : नातवाला आधी शाबासकी द्या, वस्तू सदोष दिसत नाही. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकड्या एकाच मार्गिकेच्या आहेत. डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळे मुद्रण असलेल्या स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८च्या सुमारास. दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज गेला की तो डोक्याच्या मध्यावर ऐकू येतो. आपल्याला तो अगदी मधोमध ऐकू येतो याचाच अर्थ इअरफोनच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत. खरे तर ज्यांना उत्तम इअरफोन पारखायचा आहे त्यांनी आपल्याकडची एखादी तबकडी मागून न्यावी. आवाज मध्यावरून एका बाजूला सरकला तर डावा-उजवा इअरफोन अदलाबदल करून घालावा. सरकणे त्याच कानाकडे राहिले तर टिप किंवा कान, दुसरीकडे गेले तर इअरफोनची एक बाजू कमजोर. या एका तपासणीत जेवढे कळते तेवढे विक्रेत्याच्या तासभराच्या बोलण्यात कळत नाही.

खरखरीचे कारण तबकडीवर झिजलेली खाच आणि तीत बसलेली धूळ. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९२५मध्ये. त्यापूर्वी गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि त्या मुद्रणात वरच्या पट्टीचे स्वर जवळजवळ उतरतच नसत. म्हणजे वरच्या पट्टीत गाणे फारसे नाहीच, आहे ती खरखर, आणि चांगला इअरफोन ती इमानेइतबारे ऐकवतो. जुन्या कर्ण्याच्या यंत्रालाच ही वरची पट्टी नीट वाजवता येत नसे, म्हणून त्या काळी कुणाला तिचा एवढा त्रास झाला नाही. फोनमधील इक्वलायझरने (स्वरपट्टीचे भाग कमी-जास्त करण्याच्या सोयीने) सहा-सात हजार हर्ट्झच्या वरचा भाग कमी करावा. चित्रपटगीतांसाठी तो पूर्ववत करायला नातू आहेच.

प्रश्न : मी बोरिवलीहून चर्चगेटला रोज लोकलने जाते. बाहेरचा आवाज रद्द करणारा बिनतारी इअरफोन २५,००० रुपयांना मिळतो आहे, आणि त्याच किमतीत तारेचाही. कोणता घ्यावा? तारेच्या इअरफोनवर आवाज बराच वाढवावा लागतो आणि त्याने कान खराब होतील अशी भीती वाटते. बिनतारी इअरफोनचा दर्जा कमी असतो हे खरे का?

उत्तर : आपली भीती बरोबर आहे आणि निर्णय तिच्यावरच घ्यावा. बाहेरचा आवाज रद्द करणारी यंत्रणा सूक्ष्म मायक्रोफोनने तो आवाज टिपते आणि त्याच्या उलट लहरी आत सोडते. ही युक्ती खालच्या पट्टीतील सलग घरघरीवर उत्तम चालते. चाकांचा आणि रुळांचा घोंगावणारा आवाज त्यामुळे मोठ्या प्रमाणात नाहीसा होतो. पुढील स्थानकाची उद्घोषणा, केसांच्या क्लिपा विकणारीची हाक किंवा शेजारणींचे भांडण यांवर मात्र तिचा फारसा परिणाम होत नाही. ते काम नीट बसलेली टिपच करते. तारेचा इअरफोन कान घट्ट बंद करून वरचे आणि मधले आवाज उत्तम अडवतो, पण रुळांची घरघर बरीचशी आत येऊ देतो, आणि तिच्यावर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवता. शिवाय पुलाच्या पायऱ्या चढताना घट्ट बंद कानात स्वतःचीच पावले घुमतात आणि पदराला घासणारी तार खरखरते. तार कानावरून मागे घेतली तर हा त्रास कमी होतो, नाहीसा होत नाही.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे. पातळी दर ३ डेसिबलनी वाढली की वेळ निम्मा होतो: ८३वर २० तास, ८६वर १० तास, ८९वर केवळ ५. आपला जाण्यायेण्याचा वेळ आठवड्याला बारा तासांच्या आसपास होत असेल, म्हणजे ८६ डेसिबलवर ऐकले तर शुक्रवारपर्यंतच मर्यादा संपते. बहुतेक फोनमध्ये आवाजाची कमाल पातळी बांधून ठेवण्याची सोय असते. ती आजच वापरावी.

दर्जाविषयीची समजूत अर्धी खरी आहे. सीडीच्या दर्जाच्या संगीतात सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती असते. ब्लूटूथवरील एलडॅक ही पद्धत जास्तीत जास्त ९९० किलोबिट पाठवते, आयफोनवर तर ती चालतच नाही, तेथे एएसी वापरली जाते. शांत खोलीत, कसलेल्या कानाला, निवडक ध्वनिमुद्रणात हा फरक कदाचित जाणवेल. अंधेरीला गर्दी आत शिरल्यावर तो मलाही जाणवणार नाही. आपण बिनतारीच घ्यावा. मात्र त्यातील इवल्या बॅटऱ्या काही वर्षांत थकतात आणि सहसा बदलता येत नाहीत, त्यामुळे २५,००० रुपयांऐवजी १२,००० ते १५,००० रुपयांत भागवणे शहाणपणाचे ठरेल. फलाटावर उतरण्यापूर्वी एक बाजू काढून ठेवण्याची सवयही लावून घ्यावी.

प्रश्न : नवा इअरफोन २०० तास वाजवल्याशिवाय त्याचा खरा आवाज खुलत नाही असे विक्रेत्याने सांगितले. हे खरे आहे का? (मुलुंड)

उत्तर : इतक्या तासांत बदलतो तो आपला कान, नव्या आवाजाची त्याला सवय होते. फोमची टिपही वापराने मऊ पडते, आणि वस्तू परत करण्याची मुदत हमखास संपते. पहिल्याच आठवड्यात जो इअरफोन आवडला नाही तो परत करावा.

प्रश्न : शहरातील एका दुकानातून मी ३०,००० रुपयांचा आयात केलेला इअरफोन घेतला. बिल न घेतल्यास ४,००० रुपये कमी करतो असे दुकानदार म्हणाला, मी मानले. पावसाळ्यात डाव्या बाजूचा आवाज मंद झाला. कंपनीचे सेवा केंद्र दाद देत नाही आणि दुकानदार ओळख दाखवत नाही. काय करावे? (विलेपार्ले)

उत्तर : कायद्याकडे वळण्यापूर्वी इअरफोनच्या नळीचे टोक भिंगाखाली पाहावे. टिप काढल्यावर तेथे बारीक जाळी दिसते आणि तिच्यावर पिवळसर मेणचट थर असेल तर बिघाड बहुधा तोच आहे. मुंबईच्या दमट हवेत कानातला मळ मऊ होतो, घाम मिसळतो आणि जाळीची छिद्रे बुजतात. 'एक बाजू गेली' म्हणून माझ्याकडे आलेल्या इअरफोनपैकी कितीतरी केवळ एवढ्याने बरे झाले आहेत. नळीचे तोंड खाली धरून कोरड्या, मऊ ब्रशने जाळी हलके झाडावी, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता बाहेर पडेल. त्यानंतर रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डबीत ठेवावा. तार काढता येत असेल तर डावी-उजवी तार बदलून पाहावी. मंदपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष तारेत किंवा तिच्या जोडणीत आहे, आणि तार स्वस्तात मिळते. लॅमिंग्टन रोडवर जोडणीचे डाख नव्याने लावून देणारे कारागीरही आहेत.

एवढे करूनही सुधारणा झाली नाही तर घेतल्याचा पुरावा शोधावा. यूपीआयने किंवा कार्डाने पैसे दिले असतील तर ती नोंद, आणि दुकानदाराशी झालेले संदेश जपून ठेवावेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे सवलतीच्या आमिषाने बिल टाळले म्हणून दुकानदाराची जबाबदारी संपत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. आयात वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. आपल्या खोक्यावर ते लेबल आहे का पाहावे. लेबल असेल तर त्या आयातदाराला लेखी पत्र पाठवता येईल. नसेल तर वस्तू अधिकृत मार्गाने आलेली नाही आणि सेवा केंद्राकडून फारशी अपेक्षा ठेवता येणार नाही. ब्रश वापरताना जाळीत सुई किंवा टाचणी मात्र घालू नये. जाळी फाटली तर मळ थेट ड्रायव्हरवर जाऊन बसतो आणि मग ब्रशनेही काही होत नाही.